पोटाखाली एक वीत

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं कामाचं ठिकाण म्हणजे पेशंटचं घर. गुडघा बदललेला, खुबा मोडलेला, पक्षाघातातून सावरणारा माणूस हॉस्पिटलमधून घरी आला की पुढचे काही आठवडे त्याच्याकडे जायचं आणि त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच जिन्यावर पुन्हा चालतं करायचं. कोल्हापुरात हेच काम मी स्कूटरवरून करत होते. इथे, अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, किविनॉ द्वीपकल्पावर, त्यासाठी चारही चाकांना ताकद देणारी गाडी लागते, डिकीत फावडं लागतं आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रोज पहाटे उठून हवामानाचा नकाशा बघावा लागतो.

किविनॉ ही लेक सुपीरिअरमध्ये घुसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. हिवाळ्यात कॅनडाकडून कोरडा, बोचरा वारा या सरोवरावरून येतो. सरोवर काही ठिकाणी ४०० मीटर खोल आहे. एवढं पाणी लवकर थंड होत नाही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतही ते वाऱ्यापेक्षा पुष्कळ उबदार असतं. वारा येता येता त्याची वाफ उचलतो, द्वीपकल्पाच्या मधल्या डोंगररांगेवर चढतो आणि उचललेलं सगळं तिथेच सोडून देतो. गगनबावड्याला वारा डोंगर चढतो म्हणून पाऊस कोसळतो, इथे बर्फ कोसळतो. मोहॉक गावाच्या पुढे यूएस-४१ महामार्गाच्या कडेला एक उंच मोजपट्टी उभी केलेली आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच बर्फ पडला, म्हणजे जवळजवळ १० मीटर, आणि तो आकडा त्या पट्टीवर वर टोकाला लिहिलेला आहे. तिच्याखाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते.

हा बर्फ पट्ट्यापट्ट्यांनी येतो. हॅनकॉक गावात लख्ख ऊन असतं आणि २० किलोमीटरवरच्या कॅल्युमेटला समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. म्हणून पेशंटने फोनवर 'आमच्याकडे छान आहे' म्हटलं तरी त्याच्यापर्यंतचा रस्ता छान असेल असं धरून चालत नाही. जानेवारीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे बांध माणसापेक्षा उंच होतात. चौकात पलीकडून येणारी गाडी दिसावी म्हणून इथले लोक गाडीला लवचीक काठी लावून तिच्या टोकाला नारिंगी झेंडा बांधतात. अग्निशामकांच्या नळांनाही उंच काठ्या लावलेल्या असतात, नाहीतर बर्फाखाली ते सापडणार नाहीत.

दिवस सुरू होतो तो गाडी बाहेर काढण्यापासून. रात्री रस्ता साफ करणारा ट्रक जातो आणि रस्त्यावरचा बर्फ प्रत्येकाच्या दारासमोर आडवा टाकून जातो. रात्रभर पडलेला बर्फ भुसभुशीत असतो, पण ट्रकने टाकलेला बांध घट्ट, गोळ्यागोळ्यांचा आणि मिठाने ओला असतो. गाडीने त्याला धडक देऊन बाहेर पडायचा मोह होतो आणि चारही चाकांनी ओढणारी गाडी बहुतेक वेळा बाहेर पडतेही. मी तसं करत नाही. इथल्या घराघरात पत्र्याचं मोठं सुपडं असतं, त्याला उलट्या यू आकाराचा दांडा असतो. ते बर्फात खुपसायचं, भरलं की ढकलत न्यायचं आणि उलटं करायचं. त्यात वजन उचलावं लागत नाही, फक्त सरकवायचं असतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला या अवजाराबद्दल खरोखर आदर आहे. फावड्याने ओला बर्फ उचलून खांद्यावरून मागे फेकणाऱ्यांच्या कमरा मी दर हिवाळ्यात बघते.

ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. जपानमध्ये तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीच्या माणसांना भर हिवाळ्यात डोंगरातल्या वीजवाहिन्यांची देखभाल करायला जावं लागे. जीप होत्या, पण त्या थंड आणि दणके देणाऱ्या. त्यांना रोज वापरता येईल, आत ऊब असेल आणि तरीही चारही चाकांनी ओढेल अशी गाडी हवी होती. त्या मागणीतून सुबारूने आधी मोजक्या गाड्या तयार केल्या आणि १९७२ साली लिओनी इस्टेट व्हॅन बाजारात आणली. पुढे १९८० मध्ये ऑडीची क्वात्रो आली, रॅलीच्या शर्यती जिंकू लागली आणि चारही चाकांची ओढ म्हणजे वेग आणि मर्दुमकी असं समीकरण जाहिरातींतून रुजलं. मला मात्र वीज दुरुस्त करायला निघालेली ती माणसंच आठवतात. त्यांना कुणाच्या पुढे जायचं नव्हतं. त्यांना खांबापर्यंत जायचं होतं आणि संध्याकाळी परत यायचं होतं. माझंही काम तेच आहे.

गाडी आतून काय करते हे समजून घेतलं तर ती काय करू शकत नाही हेही कळतं. वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. तो दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. सपाट, कोरड्या रस्त्यावर ही उत्तम सोय आहे. पण एक चाक निसरड्यावर असेल तर तेच भन्नाट फिरत राहतं आणि पकड असलेलं दुसरं चाक नुसतं उभं असतं. आजच्या गाड्यांत यावर दोन उपाय आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये क्लचच्या चकत्यांचा जोड असतो, तो घट्ट झाला की ताकद दोन्हीकडे जाते. आणि जे चाक उगाच फिरतंय त्याला संगणक ब्रेकने धरून ठेवतो, म्हणजे ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. हे सगळं क्षणाच्या आत होतं, चालवणाऱ्याला बहुधा जाणवतही नाही.

आणि तिथेच माझी अडचण सुरू होते. फक्त पुढची चाकं ओढतात अशी गाडी बर्फात निघतानाच तक्रार करते. चाक गरगरतं, पुढचा भाग डावीकडे उजवीकडे हलतो, चढावर ती अडते. त्या तक्रारीतून चालवणाऱ्याला रस्ता कळतो. आज जपून, एवढा निरोप त्याला घराच्या दारातच मिळतो. माझी गाडी तो निरोप स्वतःजवळ ठेवते. ती शांतपणे निघते, शांतपणे चढते, आणि ताशी ६० किलोमीटरच्या वेगात असताना आपल्याला वाटत राहतं की रस्ता चांगला आहे. रस्ता मात्र होता तसाच असतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यात माझ्या गाडीकडे जास्तीचं काही नाही. ताशी ५० च्या वेगात ब्रेक पूर्ण दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी १२ ते १५ मीटरमध्ये थांबते, दाबून कडक झालेल्या बर्फावर साधारण ५० मीटर घेते आणि गोठलेल्या पाण्यावर १०० मीटरच्या घरात जाते. हे साधं भौतिकशास्त्र आहे, त्यात कोणत्या चाकांना इंजिन जोडलंय हा प्रश्नच येत नाही.

म्हणून मी रस्त्याला ब्रेकने विचारते. निघाल्यावर, मागे कुणी नाही हे आरशात बघून, ताशी २० च्या वेगात ब्रेक दाबायचा. पायाखाली एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, कधी थरथरते, गाडी किती लांब जाते, सरळ राहते का, एवढं बघायचं. मोठा रस्ता सोडून आडरस्त्याला लागले की पुन्हा, उतार सुरू व्हायच्या आधी पुन्हा, तापमान बदललं की पुन्हा. तापमानाचं गणित नवख्याला उलटं वाटतं. शून्याखाली २० अंशांत बर्फ कोरडा असतो, बुटाखाली करकरतो आणि टायर त्यात बऱ्यापैकी धरतो. शून्याच्या आसपासचा दिवस सर्वांत वाईट. वरच्या थरावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि कशाचीच पकड राहत नाही. कडक थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ नीट काम करत नाही, म्हणून इथे वाळूही टाकतात. तपकिरी दिसणारा रस्ता बघितला की मला हायसं वाटतं.

टायरबद्दल माझं मत ठाम आहे आणि मी ते ऐकवल्याशिवाय कुणाला सोडत नाही. पैसे मोजके असतील तर साधी गाडी घ्या आणि तिला चार चांगले विंटर टायर घाला. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. विंटर टायरच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. शिवाय बर्फावर बर्फच सर्वांत चांगला धरतो, म्हणून त्या नक्षीत अडकलेला बर्फही कामी येतो. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा मुख्यतः पुढे जाताना उपयोगी पडते. टायर जाताना, वळताना आणि थांबताना उपयोगी पडतो. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. मिशिगनमध्ये तशी सक्ती नाही आणि ती असायला हवी असं मला वाटतं.

माझ्या पेशंटना मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवते: वजन. काठी कुठे टेकवायची, पाय किती उचलायचा, हे नंतर. आधी उभं राहून वजन डाव्या पायावर न्या, मग उजव्यावर, सावकाश, मध्ये कुठेही झटका नको. माणूस पडतो तो बहुतेक वेळा एका पायावरचं वजन दुसऱ्यावर जाताना. गाडीचंही अगदी असंच आहे. ब्रेक लावला की वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात, गॅस दिला की ते मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात, वळलं की बाहेरच्या बाजूला जातं. ज्या चाकावर वजन कमी त्याची पकड कमी. त्यामुळे बर्फात एका वेळी एकच काम करायचं. आधी सरळ रेषेत वेग कमी करायचा, मग पाय उचलून वळायचं, वळण संपत आलं की हलकेच गॅस. वळता वळता ब्रेक म्हणजे अर्धवट टेकलेल्या पायावर उडी मारणं.

उतारासाठी मला नवीन काही शिकावं लागलं नाही. माझा मामा एस.टी.त ड्रायव्हर होता, कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर. आंबा घाटात त्याने मला गाडी शिकवली तेव्हा त्याचा एकच नियम होता: ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतरायचं. जुलैमध्ये धुकं, शेवाळलेला रस्ता, दरडीची लाल माती वाहून आलेली, आणि मामा शेजारी बसून ब्रेकवरचा माझा पाय बघत असायचा. हॅनकॉकच्या वर क्विन्सी हिल आहे, तांब्याच्या जुन्या खाणीच्या मनोऱ्याशेजारून रस्ता थेट खाली गावात उतरतो. तिथे मी आजही माथ्यावरच गिअर खाली आणते आणि इंजिनाला गाडी धरू देते. इथे चारही चाकांची यंत्रणा खरंच उपयोगी पडते, कारण इंजिनाची ओढ चारही चाकांवर वाटली जाते आणि एकच जोडी अडखळत नाही. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आतापर्यंतचं झालं साफ केलेल्या रस्त्याचं. खोल बर्फ ही निराळी गोष्ट आहे.

माझ्या गाडीच्या पोटाखाली २२ सेंटिमीटर मोकळी जागा आहे. आपल्याकडच्या मापात एक वीत. बर्फ तेवढ्याच्या आत असेल तोवर चाकं जमिनीशी बोलत असतात. त्याच्या वर गेला की गाडी बर्फ ढकलायला लागते, आणि मग बर्फ कोणत्या जातीचा आहे यावर सगळं ठरतं. सरोवरावरून नुकताच आलेला बर्फ इतका हलका असतो की फुंकरीने उडतो. तो फूटभर असला तरी गाडी त्यातून जाते, बोनेटवर उधळतो एवढंच. पण वाऱ्याने वाहून आणून एका जागी थापलेला बर्फ दिसायला तसाच पांढरा असतो आणि वजनाला त्याच्या कित्येक पट. वरून बघून फरक कळत नाही. मी खाली उतरते आणि बूट घालून बघते. पाऊल सहज तळापर्यंत गेलं तर ठीक. पावलाने वजन पेललं आणि मग एकदम खाली गेलं तर गाडी तिथे घालायची नाही.

एका फेब्रुवारीतली व्हिजिट सांगते. तरुणपणी तांब्याच्या खाणीत काम केलेले एक आजोबा, वय ८० च्या पुढे, सरोवराच्या बाजूला आडरस्त्याच्या शेवटी राहणारे. गुडघा बदलून थोडेच दिवस झाले होते. हे दिवस फार मोलाचे असतात. सांध्याभोवतीचं पेशीजाल घट्ट व्हायच्या आत गुडघा वाकवला नाही तर पुढे कितीही मेहनत केली तरी तो पूर्ण वाकत नाही, आणि न वाकणाऱ्या गुडघ्याने माणूस खुर्चीतून सहज उठू शकत नाही. आधीची एक व्हिजिट वादळामुळे चुकली होती. त्या दिवशी महामार्ग साफ होता, आडरस्त्यावर फूटभर ताजा बर्फ, वारा नव्हता. मी उतरून पाहिलं. पाऊल सरळ तळाला गेलं.

अशा वेळी मी आधी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करते. चाक थोडं फिरलं की ही यंत्रणा इंजिनाची ताकद कापते. डांबरावर ते शहाणपणाचं असतं, पण खोल बर्फात चाक थोडं फिरत राहणं गरजेचं असतं, आणि ताकद कापली की गाडी जागच्या जागी बसते. मग दुसऱ्या गिअरमध्ये, एकाच लयीत. जोर जास्त नको, कमीही नको. स्टिअरिंग हातात सैल धरायचं, कारण बर्फ चाकांना आपल्या मनाने थोडं इकडेतिकडे नेतो आणि प्रत्येक वेळी त्याच्याशी भांडलं तर गाडी आडवी होते. ब्रेकची गरज जवळजवळ पडत नाही, गॅसवरून पाय काढला की बर्फच गाडी थांबवतो. त्या रस्त्यावरून जाताना आवाज अगदी कमी होतो, टायरचा घरघराट ऐकू येत नाही, फक्त पोटाखालून बर्फ घासल्याचा सततचा सूर येतो. तो सूर कान देऊन ऐकायचा. तो जाड झाला, गाडी किंचित वर उचलल्यासारखी वाटली, की लगेच थांबायचं आणि आपल्याच चाकोरीतून मागे यायचं. त्या दिवशी सूर तसाच राहिला.

आजोबांच्या अंगणात मी गाडी पुढेमागे करून जागा दाबून घेतली आणि तोंड रस्त्याकडे करून उभी केली. हे मी नेहमी करते. परत निघताना गाडी फिरवायची वेळ येऊ नये. आजोबा खिडकीतून बघत होते. दार उघडून म्हणाले, "आज कुणी येणार नाही असं समजून मी व्यायाम उरकूनही घेतले." गुडघा मोजला तर खरंच आधीपेक्षा जास्त वाकत होता. आम्ही जिन्याच्या पायऱ्या केल्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. त्यांनी कॉफी केली, स्वतः उभं राहून, काठी कट्ट्याला टेकवून. मी ती त्यांच्या कागदपत्रांत प्रगती म्हणून लिहिली.

मी परत निघाले तोवर वारा सुटला होता. जाताना जिथे फूटभर हलका बर्फ होता तिथे, झाडी संपून उघडं शेत लागतं त्या वळणावर, वाऱ्याने दीड फुटाची घट्ट लाट आणून टाकली होती. उडत्या बर्फात ती वेगळी दिसली नाही. गाडी तिच्यावर चढली आणि थांबली. चारही चाकं फिरू लागली.

हे नेमकं काय होतं ते सांगायला हवं. गाडीच्या पोटाखाली बर्फ दाबला जातो आणि त्याची लादी बनते. गाडीचं वजन मग त्या लादीवर येतं, चाकांवर राहत नाही. वजन नाही तर पकड नाही, आणि पकड नसेल तर २ चाकांना ताकद द्या नाहीतर ४ चाकांना, फिरणाऱ्या चाकांची संख्या वाढते इतकंच. अशा वेळी गॅस देणं सर्वांत घातक. फिरणारं चाक गरम होतं, खालचा बर्फ वितळवतं, तो लगेच गोठतो आणि चाकाखाली गुळगुळीत वाटी तयार होते. मी इंजिन बंद केलं, कोट-टोपी-हातमोजे घातले आणि आधी मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढला.

हे काम पहिलं, गाडी काढणं त्यानंतर. नळी बर्फात बुजलेली असताना ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलं की धूर मागे फिरतो आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी सहलीला गेलेल्या लोकांच्या गाड्या बर्फात अडकल्या आणि २० हून जास्त माणसं गाड्यांतच दगावली. त्यांच्यात मुलं होती. थंडीबरोबरच या वायूचाही त्यात हात असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. ती बातमी वाचल्यापासून मी ही गोष्ट प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगते, समोरचा कंटाळला तरी.

मग फावडं. बहुतेक जण चाकांपुढचा बर्फ काढतात आणि गाडी का हलत नाही म्हणून वैतागतात. अडथळा पोटाखाली असतो. लांब दांड्याचं, अरुंद पात्याचं फावडं घेऊन, गुडघ्यांवर बसून, बाजूने आत घालून ती लादी फोडून ओढून काढावी लागते. डावीकडून अर्धी, उजवीकडून अर्धी. गाडी हळूहळू खाली बसताना कळतं, टायर पुन्हा फुगीर दिसायला लागतात, म्हणजे वजन चाकांवर आलं. त्यानंतर मागच्या चाकांमागे दोन चाकोऱ्या साफ केल्या, डिकीतल्या पिशवीतली वाळू टाकली आणि मागे आले, पुढे नाही. मागची वाट मी स्वतः दाबलेली होती. तिथून उतरून लाटेतून गाडीच्या रुंदीची खाच कापली आणि सरळ चाकांनी बाहेर पडले. पुढच्या दोन पेशंटना फोन करून वेळा पुढे ढकलल्या. एका आजींनी विचारलं, "तू जेवलीस का?" त्या क्षणी मला सांगलीतली माझी आजी आठवली, आणि गळा दाटून आला.

गेल्या काही वर्षांपासून डिसेंबर आला की मला महाराष्ट्रातूनही फोन येतात. हिमाचल प्रदेशातला अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला, ९ किलोमीटरच्या त्या बोगद्यातून मनालीहून लाहौलमधल्या सिस्सूला भर हिवाळ्यातही जाता येऊ लागलं, आणि पुण्या-मुंबईची माणसं स्वतःच्या गाड्या घेऊन तिकडे निघाली. माझा मावसभाऊ म्हणाला, "ताई, गाडी फोर बाय फोर आहे, काळजी नको." मी त्याला विचारलं, टायर कोणते आहेत? तर जे नाशिक-पुणे चालतात तेच. मला त्याची काळजी वाटली आणि मी ती लपवली नाही. मनालीजवळच्या सोलंगच्या आसपास डोंगराच्या सावलीत दिवसभर ऊन न लागणारे रस्त्याचे तुकडे असतात, तिथे पाणी गोठून ब्लॅक आइस होतो, आणि तो ओल्या डांबरापेक्षा वेगळा दिसत नाही. फोर बाय फोर त्यावर चढून जाते. उतरताना तिचं वजन हलक्या गाडीपेक्षा जास्त असतं आणि थांबवायला टायर तेच असतात. मी त्याला साखळ्या घ्यायला लावल्या, त्या घरीच अंगणात दोनदा लावून बघायला लावल्या, आणि बर्फ दिसला की स्थानिक ड्रायव्हरच्या गाडीत बस असं सांगितलं. त्याने शेवटचं ऐकलं. त्याचा मला फार आनंद झाला.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे टेक्सासहून एक नवीन मुलगी रुजू झाली. कामात हुशार, पेशंटशी प्रेमाने बोलणारी, पण तिने बर्फ फक्त चित्रात पाहिलेला. तिने येतानाच ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली होती. तिला माझ्यासोबत पाठवण्यात आलं. पहिल्या दिवशी मी तिला एकाही पेशंटकडे नेलं नाही. संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर हॅनकॉकसमोरच्या होटन गावातल्या एका मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं, बर्फाने झाकलेल्या. तिथे तिला ताशी ३० वर नेऊन ब्रेक पूर्ण दाबायला सांगितलं. पायाखालची थरथर लागताच तिने दचकून पाय उचलला, सगळेच उचलतात. पुन्हा केलं, पाय धरून ठेवायचा. मग ब्रेक धरून स्टिअरिंग वळवायचं, म्हणजे एबीएस कशासाठी असतं ते कळतं: लवकर थांबवण्यासाठी नाही, थांबत असताना वळता यावं यासाठी. भुसभुशीत खोल बर्फात तर एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढूही शकतं, कारण अडकलेल्या चाकापुढे बर्फाचा जो ढीग साठून गाडी अडवतो तो साठत नाही. मग मी तिला जोरात वळायला सांगितलं, आणि गाडी न वळता सरळ जात राहिली. ती घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवत होती. मी म्हटलं, "कमी कर. चाक पुढे सरळ होऊ दे, त्याला धरू दे." तिसऱ्या-चौथ्या वेळी तिने हात मागे घेतले आणि गाडी अचानक तिचं ऐकायला लागली. ती हसली. एवढ्या मोकळ्या जागेत, कुणाला काही इजा होणार नाही अशा ठिकाणी, गाडी घसरली की काय होतं हे अंगाने कळणं फार गरजेचं आहे. पहिल्यांदा घसरायची जागा क्विन्सी हिल असू नये.

नंतर काही दिवस ती चालवायची आणि मी शेजारी. दिव्यांवर थापलेला बर्फ प्रत्येक थांब्याला पुसायचा, कारण एलईडी दिवे थंड असतात आणि तो वितळवत नाहीत. समोरून बर्फ उडत असेल तर दिव्यांचा प्रखर झोत लावायचा नाही, पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकच्या मागे राहायचं, त्याच्या उडवलेल्या ढगात शिरायचं नाही, तो आपल्यासाठीच रस्ता करतोय. तिने एकदा विचारलं, जाऊ नये हे कसं ठरवायचं? मी तिला माझी पद्धत सांगितली. पेशंटला आजच माझी गरज आहे का, की त्याचे व्यायाम मी फोनवर घेऊ शकते? मी तिथे अडकले तर मला काढायला येणाऱ्या ट्रकवाल्याचा जीव मी कशासाठी धोक्यात घालतेय? आणि आत जाता येईल हे बघून निघायचं नाही, तीन तासांनी वारा कुठून असेल ते बघून निघायचं. तिने ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी परतताना क्विन्सी हिलच्या माथ्यावर तिने न सांगता वेग कमी केला, गिअर खाली आणला, आरशात बघून एकदा हलकेच ब्रेक दाबून पाहिला आणि पाय उचलला. गाडी इंजिनाच्या आवाजावर सावकाश उतरली. खाली गावात शिरताना पुढे दोन गाड्या थांबलेल्या होत्या, त्यांच्यामागे भरपूर जागा सोडून तिने गाडी उभी केली. ऑफिसात पोचल्यावर मी दुसऱ्या दिवशीच्या कॅल्युमेटच्या सगळ्या व्हिजिट तिच्या नावावर लिहिल्या आणि माझं लांब दांड्याचं फावडं तिच्या डिकीत टाकलं.